रिफ्रेशर झालं का, सर?

यावल तालुक्यातल्या कुठल्याही महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये हा प्रश्न हमखास कानावर पडतो. रिफ्रेशर म्हणजे बढतीसाठी करावा लागणारा दोन आठवड्यांचा अभ्यासक्रम. त्यावरच्या गप्पांत विषयाचं नाव क्वचितच निघतं. कुठल्या विद्यापीठाचं आहे, ऑनलाइन आहे का, कॅमेरा चालू ठेवावा लागतो का, शेवटी परीक्षा घेतात की नुसता गुगल फॉर्म, एवढीच चौकशी होते. इतकी वर्षं हे ऐकत आलो, पण 'सर, दोन आठवड्यांत तिथं नवं काय कळलं?' असं एका प्राध्यापकानं दुसऱ्याला विचारलेलं मी ऐकलेलं नाही. विचारलं तर समोरच्याला तो टोमणा वाटेल.

याचं कारण काही गूढ नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाची 18 जुलै 2018 ची नियमावली उघडा. सहायक प्राध्यापकाला वेतनाच्या लेव्हल 10 वरून 11 वर जायचं असेल तर 21 दिवसांचं ओरिएंटेशन हवं आणि जोडीला एक रिफ्रेशर किंवा तत्सम काही. 12 वर जायला आणखी दोन. 13अ साठी आणखी एक. महाराष्ट्रानं 8 मार्च 2019 च्या शासन निर्णयानं ही व्यवस्था स्वीकारली. लेव्हल 12 चं सुरुवातीचं मूळ वेतन 79,800 रुपये आणि 13अ चं 1,31,400. या उडीला पीएच.डी. लागते, बाकीच्या अटीही आहेत. पण पीएच.डी. हातात असताना एका रिफ्रेशरवाचून स्थाननिश्चितीची फाईल अडकलेले लोक आमच्याकडे काही कमी नाहीत. ज्या कागदावर महिन्याचा एवढा पैसा लटकलेला आहे, तो कागद मिळवताना डोक्यात काही शिरलं का, हे कोण बघणार? फाईल तपासणाऱ्या कारकुनाला तारीख हवी असते, सही हवी असते, शिक्का हवा असतो. त्याचंही बरोबर आहे. आणि या अभ्यासक्रमांत नापास झालेला प्राध्यापक मला अजून भेटायचा आहे.

सुरुवात मात्र अशी नव्हती, हे कबूल केलं पाहिजे. 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं शिक्षकालाही शिकत राहावं लागतं हे मान्य केलं आणि 1987 पासून विद्यापीठांत ॲकॅडमिक स्टाफ कॉलेजं निघाली. खानदेशातला माणूस त्यासाठी पुण्याला जायचा, औरंगाबादला जायचा, अमरावती-नागपूर गाठायचा. वसतिगृहात मुक्काम असायचा. व्याख्यानं बहुतेक रटाळच असत, पण संध्याकाळी गडचिरोलीचा नाहीतर सिंधुदुर्गाचा आपल्याच विषयाचा एखादा मास्तर खोलीत येऊन बसायचा आणि रात्री बारापर्यंत वाद व्हायचा. मोठ्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात चार तास मोकळे मिळायचे. तालुक्याच्या गावात एकट्यानं एक विषय शिकवणाऱ्या माणसाला हे केवढं मोठं होतं, ते शहरातल्यांना कळायचं नाही. पुढं 2015 मध्ये या केंद्रांची मानव संसाधन विकास केंद्रं झाली, 2023 मध्ये मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्रं झाली. पाट्या बदलत गेल्या. करोनात सगळं पडद्यावर गेलं, ते बरंचसं तिथंच राहिलं. तेव्हा त्या रटाळ कार्यक्रमातला एकमेव जिवंत भाग, म्हणजे ती संध्याकाळ, तीही गेली. आता प्राध्यापक एका कानात इअरफोन घालून रिफ्रेशर करतो आणि दुसऱ्या कानानं प्रवेशप्रक्रियेचं काम. चहा प्यायला उठला तरी हजेरी लागलेलीच असते.

मधल्या काळातली एपीआयची, म्हणजे गुणांकांची, जत्रा नव्या पिढीला माहीत नसेल. 2010 च्या नियमावलीनं प्राध्यापकाच्या प्रत्येक हालचालीला गुण लावले. आंतरराष्ट्रीय परिषदेतल्या पेपरला राष्ट्रीय परिषदेपेक्षा जास्त गुण, राष्ट्रीयला राज्यस्तरीयपेक्षा जास्त. झालं! ज्या गावाला धड एसटी स्टँड नाही तिथं आंतरराष्ट्रीय परिषदा भरू लागल्या. परदेशी पाहुणा एक पुरायचा, आणि शेजारच्या देशातला असला तरी चालायचा. पेपर वाचायला पाच मिनिटं, जेवायला दीड तास. मग आयएसबीएन क्रमांकाचा जाडजूड ग्रंथ निघायचा. त्यात आपला लेख आहे ना, एवढं पाहून तो कपाटात जायचा. नियतकालिकांचंही तेच. आयोगानं स्वतःच मान्यता दिलेल्या यादीतून 2 मे 2018 ला 4,305 नियतकालिकं एका फटक्यात काढून टाकावी लागली. मग केअर नावाची यादी आली, 2025 मध्ये तीही मागे घेतली गेली. दिल्लीत याद्या करणारे आणि मोडणारे निवांत आहेत. इथं मात्र पैसे भरून छापलेल्या लेखांवर बढत्या मिळाल्या, त्या बढत्यांवर लोक पीएच.डी.चे मार्गदर्शक झाले आणि त्या मार्गदर्शकांनी आणखी मार्गदर्शक तयार केले. कार्बाइडनं पिकवलेल्या केळीसारखा हा माल: बाहेरून पिवळाधमक, साल काढली की कच्चा.

लॉकडाऊनमधल्या वेबिनारांबद्दल न बोललेलंच बरं. दहा प्रश्नांची चाचणी, उत्तीर्ण व्हायला चाळीस टक्के, नाही जमलं तर पुन्हा सोडवा, आणि ई-मेलवर रंगीत प्रमाणपत्र हजर. काहींनी दिवसाला तीन-तीन गोळा केली. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती आली तेव्हा त्याच प्रमाणपत्रांच्या फाईली टेबलावर मांडल्या गेल्या आणि समितीनं त्या चाळल्याही. तिच्यातल्या सदस्यांच्या घरीही तशाच फाईली असणार.

याच जळगाव जिल्ह्यात, यावलहून सकाळी निघालं तर दुपारच्या आत पोचता येईल अशा अमळनेरला, शिक्षकाच्या घडणीचा एक खरा प्रयोग होऊन गेला आहे. गिरणीमालक श्रीमंत प्रताप शेठ यांनी 1916 मध्ये तिथं तत्त्वज्ञान मंदिर काढलं. तेव्हा अनुदान आयोगही नव्हता आणि त्याचे गुणांकही नव्हते. तरुण अभ्यासकांना शिष्यवृत्ती द्यायची, राहायला जागा द्यायची, पुस्तकं द्यायची आणि विचार करू द्यायचा. इतकी साधी ती योजना. कलकत्त्याचे कृष्णचंद्र भट्टाचार्य काही काळ या संस्थेचे संचालक होते. टी. आर. व्ही. मूर्ती, रासविहारी दास ही माणसं इथं राहून गेली. जी. आर. मलकानी इथून 'फिलॉसॉफिकल क्वार्टरली' काढत आणि ते जगभर वाचलं जाई. मलकानी, दास आणि मूर्ती या तिघांनी अविद्येच्या सिद्धांतावर लिहिलेलं 'अज्ञान' नावाचं पुस्तक 1933 मध्ये लंडनहून छापून निघालं. अमळनेरात बसून अज्ञानावर लिहिलेल्या त्या पुस्तकाला आजच्या हिशेबात किती गुण पडले असते, कोण जाणे; आणि लेखक तीन, म्हणजे ते गुणही वाटून घ्यावे लागले असते. साने गुरुजी शिक्षक होण्याआधी याच मंदिरात अभ्यासाला आले होते. तिथून ते खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत शिकवायला लागले. पुढचं साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्यांनी अमळनेरात कुठलं प्रमाणपत्र मिळवलं, हे मात्र कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही.

भालचंद्र नेमाडे तर याच यावल तालुक्यातले, सांगवीचे. बिढार, हूल, जरीला, झूल या कादंबऱ्यांतला त्यांचा चांगदेव पाटील इंग्रजीचा प्राध्यापक आहे. गावोगावच्या महाविद्यालयांत तो बिऱ्हाड घेऊन फिरतो आणि संस्थाचालक, जातीचे कंपू, स्टाफरूममधले हेवेदावे सगळं उघड्या डोळ्यांनी बघतो. त्या कादंबऱ्या 1970 च्या दशकात आल्या. आज चांगदेव कॅसला, म्हणजे बढतीच्या योजनेला, बसला तर पहिल्याच छाननीत गळेल. अफाट वाचन? त्याचा पुरावा जोडा. विद्यार्थ्यांशी रात्र रात्र चर्चा? फोटो जोडा, जिओटॅगसह. आमच्या धंद्यावर मराठीत एवढं जळजळीत लिहिलं गेलं आणि ते आमच्याच तालुक्यातल्या माणसानं लिहिलं. तरी मराठी सोडून इतर विषयांच्या किती प्राध्यापकांनी ते वाचलंय, हे मी स्टाफरूममध्ये विचारत नाही. संबंध बिघडतात.

आता इथल्या शिक्षकाला खरी गरज कशाची आहे ते बघू. आमच्या वर्गात सातपुड्यातून उतरलेली पावरा आणि तडवी मुलं असतात. एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय यावललाच आहे, म्हणजे हे वास्तव सरकारला ठाऊक आहे. पावरा मुलगा घरी पावरी बोलतो, गावात आल्यावर बाजारापुरती मराठी बोलतो आणि बी.एस्सी.ला बसला की एकदम इंग्रजी पुस्तक त्याच्या पुढ्यात येतं. शेजारच्या बाकावर लेवा गणबोली बोलणारी मुलगी, तिच्या मागे अहिराणी बोलणारा पोरगा. या वर्गाला रसायनशास्त्र कसं शिकवायचं? मुलगा गप्प बसतो तेव्हा त्याला समजलेलं नसतं की तो लाजत असतो? यावर दोन आठवडे कुणी आमच्याशी बोललं तर मी स्वतःच्या खर्चानं जाईन. आयोगाच्या शिक्षक प्रशिक्षणाच्या आठ विषयसूत्रांत 'विद्यार्थी विविधता आणि समावेशक शिक्षण' हे एक सूत्र आहे खरं. त्यावरची व्याख्यानं कानावर आली तेव्हा त्यांत संविधानाची उद्देशिका होती, स्लाइडवर हातात हात घातलेली मुलं होती. पावरा मुलगा नव्हता.

आणि केळी. रावेर-यावलचा पट्टा केळीवर जगतो. 2020 च्या पावसाळ्यात इथल्या बागांवर कुकुंबर मोझॅक विषाणू आला. शेतकऱ्यांनी नव्यानं लावलेली झाडं उपटून बांधावर फेकली. मावा हा रोग पसरवतो, हे कुठल्याही वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाला माहीत असतं. त्याला सहा महिने मोकळे दिले असते, एखादं शेत आणि थोडी प्रयोगशाळा दिली असती, तर त्याचाही विकास झाला असता आणि तालुक्याचाही. त्याऐवजी त्या वर्षी तो वेबिनार ऐकत होता. त्याचा दोष नाही असं मी म्हणणार नाही, पण सगळा दोष त्याचाही नाही. बाराव्या पंचवार्षिक योजनेपर्यंत, म्हणजे 2017 पर्यंत, आयोगाकडून लघु संशोधन प्रकल्पांना पैसा यायचा, पीएच.डी.साठी पगारी रजा मिळायची आणि जागेवर बदली शिक्षकाची सोय व्हायची. रक्कम थोडी होती, कागदपत्रं डोंगराएवढी होती, तरी महाविद्यालयीन शिक्षकाला ते दार होतं. योजना संपली आणि दार लोटलं गेलं. संधी काढून घ्यायची आणि अट वाढवत न्यायची, याला धोरण म्हणतात.

सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट तर पुढेच आहे. आज ग्रामीण महाविद्यालयांत बरंचसं शिकवणं तासिका तत्त्वावरच्या मुलामुलींवर चालतं. नेट-सेट झालेली, कित्येकांची पीएच.डी. झालेली ही माणसं. आयोगानं जानेवारी 2019 मध्ये अतिथी व्याख्यात्याला तासिकेमागे 1,500 रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त 50,000 असा दर सांगितला. महाराष्ट्रात त्याहून कमी मिळतात आणि तेही महिनोन् महिने लांबतात. या माणसाला प्रशिक्षणाची संधी आहे का? नियमात एक खिडकी आहे, सलग काही वर्षं शिकवलं असेल तर अर्ज करता येतो. पण तो दोन आठवडे गेला तर तेवढ्या तासिकांचे पैसे बुडाले. कर्तव्य रजा कायम प्राध्यापकाला, कारण त्यालाच कॅस. म्हणजे ज्याला येत्या वीस वर्षांत शिकवायचं आहे त्याला स्वतःच्या पोटाला चिमटा घेऊन शिकावं लागतं, आणि ज्याची निवृत्ती दोन वर्षांवर आली आहे तो पूर्ण पगारी रजेवर 'अध्यापनातील नवे प्रवाह' ऐकतो.

आमच्या संघटना यावर बोलतात का? बोलतात. रिफ्रेशरला मुदतवाढ द्या, असं बोलतात. आयोगानंही ती वेळोवेळी दिली आहे. शिक्षणाची मागणी करणारा मोर्चा मी पाहिलेला नाही, शिकण्यातून सूट मागणारी निवेदनं मात्र भरपूर पाहिली आहेत. सही मागायला माझ्याकडेही येतात.

जळगावच्या विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव देऊन काही वर्षं झाली. बाई निरक्षर होती, ही गोष्ट दरवर्षी भाषणात अभिमानानं सांगितली जाते. नाव घेतलंच आहे तर एक करा. दर वर्षी खानदेशातल्या निवडक शिक्षकांना, कायम असोत की तासिकेवरचे, सहा महिन्यांची सवेतन मोकळीक द्या. विषय त्यांना निवडू द्या: पावरा मुलांचं इंग्रजी, केळीवरचा विषाणू, तापीचं पाणी, गणबोलीचा कोश, काहीही. शेवटी प्रमाणपत्र देऊ नका. यावलला, फैजपूरला, चोपड्याला उघड्या सभेत गावासमोर त्यांना सांगू द्या, काय केलं ते. शेतकरी प्रश्न विचारतील, आणि ते कुठल्याही छाननी समितीपेक्षा कडक असतील. हे जमणार नसेल, पैसा नसेल, मंजुरी दिल्लीहून यायची असेल, तर निदान रिफ्रेशरची अट रद्द करा आणि वेतनवाढ सरळ सेवेच्या वर्षांवर देऊन टाका. सरकारचा खर्च वाचेल, कारकुनाचा वेळ वाचेल, आणि हजारो सुशिक्षित माणसांना शिकल्याचं नाटक करावं लागणार नाही.