नेसरीची खिंड आणि कोळोशीची गुहा

गडहिंग्लज तालुक्यातील नेसरीचे नाव उच्चारले की मराठी मनाला एकच दिवस आठवतो. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी सरनौबत प्रतापराव गुजर अवघ्या सहा साथीदारांनिशी बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि सातही वीर धारातीर्थी पडले. त्यांच्या स्मारकापुढे विद्यार्थी नतमस्तक होतात, हे योग्यच आहे. परंतु या भूमीची स्मृती साडेतीनशे वर्षांपाशीच थांबावी काय, हा प्रश्न विचारण्याची वेळ आता आली आहे.

नेसरीहून आजऱ्यामार्गे आंबोलीकडे गेले की सिंधुदुर्ग जिल्हा लागतो. त्या जिल्ह्यात कणकवली तालुक्यातील कोळोशी येथे २०२० साली एक गुहा अभ्यासकांच्या नजरेस आली. राज्याच्या पुरातत्त्व विभागाने उत्खनन केले, तेव्हा तेथे अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारे मिळाली. लहान हत्यारे सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीची, तर मोठी त्याहूनही जुनी असावीत, असा उत्खननकर्त्यांचा अंदाज आहे. कोकणच्या सड्यांवरील कातळशिल्पांमागचा माणूस कोण, या कोड्याचा एक धागा या गुहेत सापडण्याची शक्यता आहे. बारसू, कशेळी, कुडोपी आदी ठिकाणची ही शिल्पे २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत दाखल झाली. कोकणात आज न आढळणारा गेंडाही त्या कातळावर कोरलेला आहे.

गुहेतील माणूस म्हटले की निअँडरथल मानवाचे नाव निघते. त्याचे अवशेष भारतात अद्याप मिळालेले नाहीत. तथापि तो आपल्याला सर्वस्वी परका नाही. २०१० साली त्याच्या जनुकांचा आराखडा प्रसिद्ध झाला आणि आफ्रिकेबाहेरील माणसांत त्याच्या वारशाचा एक-दोन टक्के अंश असल्याचे सिद्ध झाले. या संशोधनाचे प्रणेते स्वान्ते पेबो यांना २०२२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. नेसरीच्या बाजारात हिंडणाऱ्या माणसाच्या अंगीही त्या पूर्वजाचा अंश आहे.

निअँडरथलच्या शोधाची कथा मात्र बोध घेण्याजोगी आहे. १८५६ साली जर्मनीतील निअँडर खोऱ्यात चुनखडीच्या खाणीवरील मजुरांनी गुहेतील गाळ उपसताना काही हाडे बाहेर फेकली. ती अस्वलाची असावीत, असा समज झाला. ती माणसाची आहेत आणि फार प्राचीन आहेत, हे ओळखले ते योहान फुलरोट नावाच्या शाळाशिक्षकाने. त्याच्या नजरेमुळे हाडे वाचली. गुहा मात्र वाचली नाही. खाणीने ती पुढे समूळ नष्ट केली.

कोकणच्या सड्यांवर आज हेच संकट आहे. जांभ्याच्या चिऱ्यावर घरे उभी राहतात आणि खाणीवर अनेकांची चूल पेटते, हे नाकारता येणार नाही. परंतु यंत्राचे पाते फिरण्यापूर्वी त्या कातळावर काय आहे, हे पाहण्यास फार खर्च येत नाही. खाणीचा परवाना देण्याआधी जागेची पाहणी झालीच पाहिजे, हा दंडक सरकारने घालून द्यावा आणि तो कागदावर ठेवू नये. एकदा निघालेला चिरा पुन्हा बसवता येतो; त्यावरचे चित्र पुन्हा येत नाही.

धोका केवळ खाणीचाच नाही, तो भाविक कौतुकाचाही आहे. फ्रान्समधील लास्को येथील चित्रगुहा १९४० साली काही मुलांना सापडली आणि त्यांनी आपल्या शिक्षकाला ती दाखवली. पुढे प्रेक्षकांची रीघ लागली आणि त्यांच्या श्वासानेच चित्रे बिघडू लागली. १९६३ साली गुहा बंद करावी लागली. १९८३ पासून लोक तिची प्रतिकृती पाहतात. कोळोशीचे असे होऊ द्यायचे नसेल, तर गुहेचे दर्शन पुरातत्त्व विभागाच्या अनुमतीनेच, मोजक्या संख्येने आणि जाणकारासोबत घडले पाहिजे. तेथील एक खडाही खिशात घालणे म्हणजे इतिहासाचे पान फाडणे होय. गाळाच्या ज्या थरात हत्यार मिळते, तो थरच त्याचे वय सांगतो; जागेवरून हललेले हत्यार मुके होते.

दोन्ही शोधांत एक शिक्षक आहे, हा योगायोग मार्मिक आहे. नेसरी-आजरा परिसरातील शिक्षकांनी सहलीला निघण्यापूर्वी विद्यार्थ्यांना एक तास याच विषयावर द्यावा. सात वीरांनी ज्या भूमीसाठी प्राण वेचले, तिच्यावर त्यांच्याही पूर्वी हजारो वर्षे माणूस राहत होता, शिकार करीत होता, कातळावर रेघा ओढीत होता. त्याची ना बखर आहे, ना पोवाडा. गुहेतील माती हीच त्याची बखर आहे आणि ती वाचली जाईपर्यंत शाबूत ठेवणे, एवढेच आजच्या पिढीचे काम आहे.