साठीनंतरची पेटी आणि चुकीचं पुस्तक

नोकरी संपली, मुलं नागपूर-पुण्याला गेली, आता पेटी किंवा कीबोर्ड शिकायचा, असं म्हणणारी माणसं चंद्रपूर-बल्लारपूरकडे खाणींच्या आणि पेपर मिलच्या वसाहतींत भेटतात. त्यांत आपल्या मोहल्ल्यातले चाचा आणि खालाही आहेत. त्यातले बरेच जण थोड्याच दिवसांत सोडून देतात आणि दोष वयाला दिला जातो. माझ्या मते अनेकदा दोष हातात पडलेल्या पुस्तकाचा असतो.

दुकानात साधारण दोन तऱ्हेची पुस्तकं मिळतात. एक लहान मुलांची. जॉन थॉम्पसनचं सोपं पियानो पुस्तक चांगलंच आहे, पण ते चिमुकल्यांसाठी लिहिलेलं आहे. त्यातली चित्रं आणि बालगीतं पाहून साठीतला माणूस आधी ओशाळतो, मग कंटाळतो. दुसरी परीक्षेची. प्रारंभिक, प्रवेशिका असे टप्पे आणि त्यात थाट, जाती, वादी-संवादी यांच्या व्याख्या. ज्याला प्रमाणपत्र नको, आवडीचं एक गाणं हवं, त्याला हे ओझं कशाला?

पाश्चात्त्य पद्धतीनं शिकायचं असेल तर ऑल्फ्रेड किंवा फेबर यांची प्रौढांसाठी स्वतंत्र पुस्तकं आहेत. त्यांत डाव्या हाताला लवकरच कॉर्ड देतात, त्यामुळे साधी चालही भरलेली वाटते. पण पेटीवर डावा हात भाता हलवत असतो. म्हणून पेटी शिकणाऱ्यानं सरगमचंच पुस्तक घ्यावं.

ते घेताना तीन गोष्टी बघा. अक्षर मोठं आहे का? ओळखीच्या चाली लवकर येतात का? आणि स्वरलेखन भातखंड्यांचं आहे की पलुसकरांचं? हा शेवटचा प्रश्न क्षुल्लक नाही. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावरचा टिंब तार सप्तक दाखवतो, पलुसकर पद्धतीत तोच टिंब मंद्र सप्तक दाखवतो. एक पुस्तक मित्राकडून आणि दुसरं बाजारातून आणलं की वरचा सा खाली जातो. मग माणूस म्हणतो, आता डोकं चालत नाही. डोकं ठीक आहे, पुस्तकं दोन आहेत. एकच पद्धत धरा.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. ‘या वयात हातात तस्बीह हवी की पेटी?’ हा टोमणा ठरलेला. ज्याला संगीत पटत नाही त्यानं ते खुशाल टाळावं, पण शिकणाऱ्याला लाजवू नये. संगीत आपलं नव्हेच, असं सांगणाऱ्यांनी बडोद्याचे उस्ताद मौलाबक्ष आठवावेत. सयाजीराव गायकवाडांच्या राज्यात १८८६ साली त्यांनी संगीतशाळा उभी केली, स्वरलेखनाची पद्धत बसवली, पाठ्यपुस्तकं तयार केली. पलुसकरांचं लाहोरचं गांधर्व महाविद्यालय निघालं ते १९०१ साली. म्हणजे गाणं पुस्तकातून शिकवण्याच्या सुरुवातीच्या प्रयत्नांत एक मुसलमान उस्ताद होता.

आता आपल्या झाडीकडे पाहा. धान निघाल्यावर वडसा आणि आसपासच्या गावांत रात्रभर नाटकं रंगतात. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा झाडीपट्टीचं नाव दिल्लीपर्यंत गेलं. या नाटकांत पेटी-ऑर्गन वाजवणारे बहुतेक कानानं शिकलेले असतात. त्यांच्या चालींचं, मोठ्या अक्षरातलं, मोठ्या माणसांसाठीचं सोपं पुस्तक निघायला हवं. अशा वादकासमोर बसून दहा चाली सरगममध्ये उतरवल्या तरी सुरुवात होईल. गावोगावचे निवृत्त संगीत शिक्षक हे करू शकतात.

तोवर पेटी घेऊन बसलेल्या चाचांना ‘आता कशाला?’ असं विचारू नका. त्यांच्याकडचं पुस्तक कुठलं आहे, ते विचारा.