धाराशिवचा खांब आणि टोकियोची बांबूउडी

सप्टेंबर २०२५ मध्ये टोकियोला जागतिक मैदानी स्पर्धा झाल्या. महिलांच्या बांबूउडीत अमेरिकेच्या केटी मूनने ४.९० मीटर उंची ओलांडून सुवर्णपदक पटकावले. तिच्याच देशाची सँडी मॉरिस दुसरी आली. आपल्याकडे त्या आठवड्यात बोलणे चालले होते ते नीरज चोप्राच्या भालाफेकीचे. बांबूउडीच्या अंतिम फेरीत भारतीय नाव नव्हते, त्यामुळे कुणाचे तिकडे लक्ष जाण्याचे कारणही नव्हते.

अशा वेळी आपल्याकडे एक ठरीव उत्तर तयार असते : आपल्या मुलींच्या अंगात तेवढी ताकद नाही, आणि एवढ्या उंचावरून पाठीवर पडायचे म्हणजे धाडस हवे, ते कुठून आणायचे? या उत्तरात किती तथ्य आहे हे पाहायला टोकियोपर्यंत जावे लागत नाही. धाराशिवला गेले तरी पुरते.

शंभर वर्षे बंद असलेले दार

पहिल्यांदा हे सांगायला हवे की, 'मुलींना जमणार नाही' हे वाक्य आपलेच नव्हे. ते साऱ्या जगाने वापरलेले आहे. पुरुषांची बांबूउडी १८९६ च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकपासून आहे. महिलांना ती ऑलिंपिकमध्ये मिळाली २००० साली, सिडनीत. म्हणजे १०४ वर्षांनी. जागतिक मैदानी स्पर्धा १९८३ साली सुरू झाल्या, पण त्यांतही महिलांची बांबूउडी आली ती १९९९ मध्ये, सेव्हिल येथे. दोन्ही ठिकाणी अमेरिकेच्या स्टेसी ड्रॅगिलानेच ४.६० मीटर उडी मारून पहिले सुवर्णपदक मिळवले.

दार उघडल्यावर काय झाले ते आकडेच सांगतात. १९९२ साली चीनच्या सून त्साययुनचा जागतिक विक्रम ४.०५ मीटरचा होता. २००५ साली रशियाच्या येलेना इसिनबायेवाने ५ मीटरची उंची ओलांडली आणि २००९ साली झुरिचला ती ५.०६ मीटरवर गेली. सतरा वर्षांत एक मीटरहून अधिक वाढ! या सतरा वर्षांत बायकांची हाडे बदलली नाहीत की स्नायू. बदलले ते एवढेच की स्पर्धा सुरू झाल्या, प्रशिक्षक मिळाले आणि शाळकरी मुलींच्या हातात बांबू आला. २०२३ साली बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत तर मून आणि ऑस्ट्रेलियाची नीना केनेडी या दोघी ४.९० वर अशा अडल्या की शेवटी दोघींनी सुवर्णपदक वाटून घेतले.

सिडनीचीच आणखी एक आठवण. त्याच ऑलिंपिकमध्ये महिलांचे वजनउचलणेही पहिल्यांदा आले आणि आपल्या कर्नाम मल्लेश्वरीने कांस्यपदक आणले. महिलांची अडथळ्यांची लांब शर्यत, स्टीपलचेस, ऑलिंपिकमध्ये २००८ साली आली. आठ वर्षांनी, रिओत, सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी माण तालुक्याची ललिता बाबर तिच्या अंतिम फेरीत धावत होती. दार उघडले की आपल्या मुली उंबरठ्यावर थांबत नाहीत, हे दोनदा दिसले आहे.

एसटीत न मावणारा खेळ

मग बांबूउडीतच आपण मागे का? भारतीय महिलांचा ४.१५ मीटरचा विक्रम २०१४ पासून तमिळनाडूच्या व्ही. एस. सुरेखाच्या नावावर होता. तो २०२२ च्या गांधीनगर राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत तिथल्याच रोझी मीना पॉलराजने ४.२० मीटर उडी मारून मोडला. म्हणजे जग १९९० च्या दशकात जिथे होते, त्याच्या आसपास आपण २०२२ साली पोहोचलो.

कारण ताकदीत शोधण्यापेक्षा सामानात शोधावे. या खेळाला लागणारा बांबू आता नावापुरताच बांबू राहिला आहे. तो काचतंतूंचा, म्हणजे फायबरग्लासचा असतो. खेळाडूचे वजन आणि वेग वाढेल तसा अधिक ताठ बांबू लागतो, म्हणून एकाने भागत नाही. धावण्यासाठी लांब, सरळ, टणक पट्टा हवा, बांबू रोवायला जमिनीत खोबण हवी आणि पडण्यासाठी जाड गाद्यांचा ढीग हवा. गादी नसेल तर हा खेळ शिकताच येत नाही. मातीत पडून लांब उडी शिकता येते, बांबूउडी नाही. आणि चार मीटरचा बांबू घेऊन स्पर्धेला जायचे तर तो एसटीत कुठे ठेवायचा, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्या खेळाचे साहित्य गावातल्या गाडीत मावत नाही, तो खेळ गावात येत नाही.

सव्वा मीटरचा खांब

आता धाराशिव. निती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या २०१८ च्या यादीत महाराष्ट्राचे जे चार जिल्हे होते, त्यांत हा एक. पाऊस बेभरवशाचा, आणि ऊसतोडीला बिऱ्हाड घेऊन जाणारी कुटुंबे इथल्या अनेक गावांत. पण याच जिल्ह्यातून महाराष्ट्राच्या महिला खो-खो संघात वर्षानुवर्षे मुली जात आहेत. तुळजाभवानी क्रीडा संकुलाच्या मैदानावर घडलेल्या सारिका काळे हिने २०१६ च्या गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताचे नेतृत्व केले आणि सुवर्णपदक आणले. २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोच्या वाट्याला तो २२ वर्षांनी आला होता. घरच्या परिस्थितीमुळे कित्येक वर्षे दिवसाला एकाच जेवणावर काढावी लागली, हे तिने स्वतःच त्या वेळी सांगितले होते. पुढे तिने आपल्याच जिल्ह्यात, तुळजापूरला, तालुका क्रीडा अधिकारी म्हणून काम केले.

हे याच गावात का घडले? खो-खोला लागतात दोन खांब, सव्वा मीटरच्या आतबाहेर उंचीचे, आणि एक सपाट मैदान. बाकी सगळे भांडवल अंगातले. मात्र तेवढ्याने खेळाडू घडत नाहीत; तसे असते तर प्रत्येक दुष्काळी तालुक्यातून राष्ट्रीय खेळाडू निघाले असते. धाराशिवला डॉ. चंद्रजित जाधव यांच्यासारखे वर्षानुवर्षे मैदान न सोडणारे प्रशिक्षक मिळाले, आणि थोरल्या मुलींचे पाहून धाकट्या मैदानावर येत गेल्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धाही याच गावात भरली. नात्यातली, गल्लीतली मुलगी भारताचा शर्ट घालून परत येते, तेव्हा 'मुलीला मैदानावर कशाला पाठवायचे' हा घरातला वाद अर्धा तरी संपतो.

आणि धाडसाचे म्हणाल, तर खांबाजवळचा खेळ एकदा पाहावा. पळणारी मुलगी हूल देऊन खांबामागे वळते, आणि पाठलाग करणारी एका हाताने खांब धरून पूर्ण वेगात अंग झोकून देते. मातीवर छाती, कोपर, गुडघे घासत जातात. तिथे गादी नसते. जी मुलगी हे रोज संध्याकाळी करते, तिला गादीवर पडण्याचे भय वाटेल असे म्हणणे हा तिचा अपमान आहे. वेग, खांद्याची ताकद, हवेत अंगावर ताबा : बांबूउडीला जे लागते त्यातले बरेचसे तिच्याजवळ आहे. नाही तो फक्त बांबू.

दिल्लीचा विजय, आणि त्यानंतर

जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असे हरवले. या संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती. राज्य सरकारने महाराष्ट्रातल्या विजेत्या खेळाडूंना प्रत्येकी सव्वादोन कोटी रुपये जाहीर केले. दिवसाला एका जेवणापासून इथवरचा हा प्रवास लहान नाही.

तरीही दोन गोष्टी नजरेआड करून चालणार नाही. पहिली, सलामीच्या सामन्यात आपल्या मुलींनी दक्षिण कोरियाला १७५-१८ असे हरवले. असा निकाल अभिमानापेक्षा विचारच अधिक करायला लावतो. जगात हा खेळ अजून नुकता रुजतो आहे, आणि ऑलिंपिक वा आशियाई स्पर्धेत त्याला पदकाचा खेळ म्हणून जागा मिळालेली नाही. बांबूउडीचा इतिहास मात्र असा दिलासा देतो की, व्यासपीठ टिकले तर प्रतिस्पर्धी तयार होतात. म्हणून पहिल्या विश्वचषकापेक्षा तिसरा आणि चौथा महत्त्वाचा.

दुसरी गोष्ट घरची आहे. पुरुषांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाल्यावर वर्षभरातच, १९६०-६१ मध्ये, कोल्हापूरला महिलांचीही सुरू झाली होती. विश्वचषकही दोघांचा एकाच वेळी झाला. समतेची इतकी जुनी परंपरा असलेल्या या खेळात २०२२ साली पैसा आणि दूरचित्रवाणी घेऊन 'अल्टिमेट खो-खो' लीग आली, तेव्हा तिचे पहिले दोन्ही हंगाम केवळ पुरुषांचे झाले! जिथे उत्पन्न आले, नेमके तिथे मुलींना थांबायला सांगितले गेले. बांबूउडीतली १०४ वर्षे अशीच, एकेक हंगाम पुढे ढकलत, साचली होती.

करायचे काय, तर फार मोठे काही नाही. महिलांची लीग लगेच सुरू व्हावी. मराठवाड्यात निदान एका क्रीडा संकुलात बांबूउडीच्या गाद्या, खोबण आणि निरनिराळ्या ताठपणाचे बांबू कायमचे ठेवावेत, आणि ते कुलूपबंद न राहता वापरले जावेत. खो-खोच्या प्रशिक्षकांनी चपळ, निर्भय मुली हेरून त्यांना तिथे धाडावे. यात खो-खोचे नुकसान नाही; शंभर मुलींतल्या बारा संघात जातात, उरलेल्या अठ्ठ्याऐंशींचे पुढे काय, याचे उत्तर आज कुणाकडेच नाही. आणि मैदानावर येणाऱ्या मुलीला संध्याकाळी पोटभर खायला मिळते की नाही, याची चौकशी पदक मिळाल्यानंतर नव्हे, आधी व्हावी.

पारितोषिक पोहोचलेल्या मुलीला मिळते, साहित्य निघालेल्या मुलीला लागते. सव्वादोन कोटी जाहीर करणाऱ्या राज्याला गाद्यांचा एक ढीग जड जाऊ नये.