पाडसाचा आहार आणि ऋतु

शाकुंतलाच्या चौथ्या अंकांत शकुंतलेच्या वस्त्रास ओढणारें पाडस तिनें सांव्याच्या मुठी भरवून वाढविलेलें असतें. हा प्रसंग मीं वर्गांत तीस वर्षें शिकविला. पण तें पाडस जन्मतांच आईस मुकलेलें होतें, हें मर्म ध्यानीं येण्यास मला एक अपराध घडावा लागला.

पांढरकवड्याच्या बाजूस मी शिक्षक होतों. माघांत हरभरा उपटतांना मुलांना धुऱ्याशीं चितळाचें पाडस दिसलें. “गुरुजी, याची माय सोडून गेली,” म्हणून त्यांनीं तें माझ्या ओसरीवर आणलें. घरांतील मंडळींनीं गाईच्या दुधांत कापूस भिजवून पाजलें. दुसऱ्या दिवशीं हगवण लागली. चौथ्या दिवशीं तें गेलें.

हरिणी आपलें पिलू गवतांत दडवून चरावयास जाते आणि पाजण्यापुरती परतते, हें मला ठाऊक नव्हतें. शिवाय हरिणीचें दूध फार घट्ट. तांबड्या हरिणीच्या दुधांत घनांश गाईच्या दुधाच्या जवळजवळ दुप्पट असतो.

न्यूझीलंडांत हीं तांबडीं हरिणें १९७० च्या सुमारापासून कुरणांत रीतसर पाळतात. तिकडे पाडसें नोव्हेंबर-डिसेंबरांत, म्हणजे त्यांच्या उन्हाळ्याच्या आरंभीं, जन्मतात. थंडीपूर्वीं झपाट्यानें वाढतात. जून-जुलैंत दिवस लहान झाला कीं पुढें कितीहि चारा टाका, भूकच मंदावते व वाढ रेंगाळते. वसंतांत पुन्हा वेग येतो. म्हणून तेथील पाळणारे थंडीपूर्वींच्या महिन्यांस फार जपतात.

आपल्या चितळाचें असें नाहीं. त्याचीं पिलें बाराहि महिने जन्मतात, तरी हिंवाळ्याच्या अखेरीपासून अधिक. टिपेश्वरासारख्या रानांत गवत वाळलेलें असतां चैत्रांत मोहफुलांचा सडा पडतो. तो दूध पाजणाऱ्या हरिणीस मोठा आधार. माघांतलें पिलू चरण्याइतकें सुटें होतें तोंच मृगाचा पाऊस येऊन कोवळें गवत उगवतें. एवढी सोय असतां माझ्या वाटीची गरज काय होती?

१९७२ च्या कायद्यानें असें पिलू घरीं ठेवणें गुन्हा आहे. आई मेलेली प्रत्यक्ष दिसल्यास वनखात्यास कळवावें. एरव्हीं तेथून निमूट दूर व्हावें.

तें पाडस गेल्यावर आठवड्यानें शेताचा राखणदार सहज बोलला, “गुरुजी, एक चितळी रोज दिवेलागणीला त्या धुऱ्यावर येऊन उभी राहात होती. कालपासून दिसली नाहीं.”