मशेरी सोडवायची, तर आधी तिचं मन विचारा

‘तंबाखू सोडा’ म्हटलं की बिडी ओढणारा पुरुष डोळ्यांपुढे येतो. आपल्या बायकांची तंबाखू मात्र तव्यावर भाजून डबीत ठेवलेली असते. मशेरीला घरात कुणी व्यसन म्हणत नाही, म्हणून गरोदरपणातही ती सुरूच राहते.

मशेरीतलं निकोटिन हिरड्यांतून आईच्या रक्तात आणि तिथून बाळापर्यंत जातं. वारेतला रक्तपुरवठा कमी होतो, बाळाची वाढ खुंटते. मुंबईतल्या १,२१७ गरोदर बायकांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात तंबाखू, मशेरी वापरणाऱ्या आयांची बाळं सरासरी १०५ ग्रॅम हलकी भरली आणि दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचा धोकाही जास्त दिसला. पोशेरा, मोखाडा, जव्हारकडे आधीच कुपोषण. तिथे शंभर ग्रॅमही फार मोठे.

हे सांगून भागत नाही. मशेरीने भूक मरते, म्हणून अर्धपोटी बाई ती लावते. नवरा वीटभट्टीवर गेलेला, घरात बोलायला कुणी नाही, मागचं मूल गेलेलं, यंदा मुलगाच हवा असा धोशा. अशा वेळी ती डबी हीच तिची सोबत असते. तिला रागावलं तर मशेरी सुटत नाही, ती फक्त लपवून लावते.

म्हणून माझं म्हणणं सासूबाई, नणंदा आणि नवरे मंडळींना आहे. आधी विचारा, ‘तुला काय होतंय गं?’ आणि तिचं पुरतं ऐका. मशेरी सोडल्यावर पहिले काही दिवस चिडचिड होते, झोप उडते, डोकं दुखतं. हे सगळं दोन-चार आठवड्यांत ओसरतं. तलफ काही मिनिटांचीच असते. तेवढ्यात चूळ भरावी, चणे-शेंगदाणे खावेत, शेजारणीशी बोलावं. घरातली बिडी आणि मशेरीची डबी दोन्ही बाहेर जाऊ द्या. आदिवासी भागातल्या अंगणवाडीत अमृत आहार योजनेचं जेवण मिळतं, ते तिच्याच पोटात जाऊ द्या.

दोन आठवडे सतत रडू येत असेल, कशात मन लागत नसेल, तर आशाताईला सांगून डॉक्टरांकडे न्या. जीव नकोसा वाटतो असं ती म्हणाली, तर त्याच दिवशी न्या, एकटं सोडू नका. मनासाठी टेलिमानस १४४१६ आणि तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हे दोन्ही फोन मोफत आहेत.

कितव्याही महिन्यात सोडली तरी बाळाचा फायदाच आहे. फक्त तिला एकटीला सोडायला लावू नका.