भाकरी सोडू नका, बाटली सोडा



गेल्या वर्षीच्या जून महिन्यातली गोष्ट. शाळा सुरू होऊन आठवडा झाला होता. परभणीत पावसाचा अजून पत्ता नव्हता आणि उकाड्याने जीव नकोसा झाला होता. प्रार्थनेच्या वेळी नववीतला एक मुलगा रांगेतच मटकन खाली बसला. त्याला सावलीत नेले, तोंडावर पाणी मारले, मीठ-साखरेचे पाणी पाजले. जरा तरतरी आल्यावर विचारले, "सकाळी काय खाल्लेस रे?"

"काही नाही, सर."

"आणि काल रात्री?"

"काही नाही."

मग हळूहळू सारे बाहेर आले. वर्गातली मुले त्याला ज्या नावाने चिडवीत, ते मी येथे लिहीत नाही. पंधरा दिवस भाकरी बंद केली की पाच किलो वजन उतरते, असे त्याला चुलत भावाने सांगितले होते. पठ्ठ्याने तीन दिवसांपासून भाकरी बंद केली होती. "मग दिवसभर राहतोस कशावर?" असे विचारले, तर म्हणाला, "भूक लागली की कोल्ड्रिंक पितो, सर. ते काय, पाणीच असते."

मला राग आला, पण त्या मुलाचा नव्हे. शर्करा आणि मेद यांवरचा धडा मी त्याला स्वतः शिकविला होता. धडा त्याला पाठ होता, पण बाटलीतले पेय म्हणजे तीच शर्करा, हे त्याच्या मनात आलेच नव्हते. तुमच्यापैकी कितीजणांच्या येते?

तेव्हा आधी बाटलीच उघडू. 'सोडा' हा शब्द आपल्याकडे जुना आहे. काचेची गोळी आत ढकलून उघडायची ती बाटली हायरम कॉड या इंग्रज गृहस्थाने १८७२ साली पेटंट केली. त्याही आधी, १७६७ साली, जोसेफ प्रीस्टली याने लीड्स येथील मद्याच्या कारखान्यात आंबवणाच्या पिंपावर पाण्याचे भांडे धरून त्यात कार्बन डायऑक्साइड विरघळविला. हा वायू बिचारा निरुपद्रवी आहे. साध्या गोळी सोड्याने कोणाचे वजन वाढत नाही, कारण त्यात उष्मांक, म्हणजेच कॅलरी, नसतात. खरी मेख आहे ती त्यात मिसळलेल्या साखरेत.

कोला जातीच्या पेयाच्या बाटलीवरील बारीक अक्षरे वाचा. दर शंभर मिलिलिटरला सुमारे साडेदहा ग्रॅम साखर असते. म्हणजे २५० मिलिलिटरच्या छोट्या बाटलीत सव्वीस ग्रॅम. चहाचे सपाट साडेसहा चमचे! एवढी साखर तुम्ही पेलाभर पाण्यात घालून प्यालात, तर दुसऱ्या घोटाला तोंड वाकडे कराल. मग बाटलीतली कशी गोड लागते? त्यात आम्ल असते, ते गोडी झाकते. थंडपणाही गोडीची जाणीव कमी करतो. खोटे वाटत असेल तर एक प्रयोग करा. उघडी बाटली रात्रभर तशीच ठेवा. सकाळी गॅस उडून गेलेले ते कोमट पेय चमचाभर चाखा. उरलेले घरातील मोठ्या माणसांच्या देखत पातेल्यात मंद आचेवर आटवा आणि तळाशी राहणारा चिकट पाक पाहा. आमच्या प्रयोगशाळेत हा प्रयोग झाला तेव्हा मागच्या बाकावरची मुलेसुद्धा पुढे येऊन बघत होती.

सव्वीस ग्रॅम साखरेचे झाले सुमारे १०५ उष्मांक. आपल्याकडे हातावर थापलेल्या मोठ्या ज्वारीच्या अर्ध्या भाकरीतही साधारण तेवढेच उष्मांक असतात. पण त्या अर्ध्या भाकरीबरोबर तीनेक ग्रॅम प्रथिने, चोथा आणि लोह पोटात जाते. येथील कृषी विद्यापीठाने तर 'परभणी शक्ती' नावाचा ज्वारीचा वाण मुद्दाम लोह आणि जस्त अधिक असावे म्हणून २०१८ मध्ये दिला आहे. ज्या गावाने अशी ज्वारी निर्माण केली, त्याच गावातला मुलगा भाकरी टाकून बाटली तोंडाला लावतो, याचे मला वाईट वाटते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. अर्धी भाकरी खाल्ली तर भूक तेवढी भागते. बाटलीने ती भागत नाही. २००० साली अमेरिकेत एक लहानसा पण मजेदार अभ्यास प्रसिद्ध झाला. पंधरा माणसांना रोज ४५० उष्मांकांची साखर चार आठवडे दिली, एकदा चघळायच्या गोळ्यांच्या रूपात आणि एकदा गोड पेयाच्या रूपात. गोळ्या खाल्ल्या त्या काळात माणसे आपोआप तेवढे जेवण कमी जेवली. पेय प्यायली तेव्हा मात्र जेवण जराही कमी झाले नाही! चावून खाल्लेल्याचा हिशेब शरीर ठेवते, घटाघटा प्यालेल्याचा ठेवण्यात ते कच्चे आहे.

हे मोठ्या माणसांचे झाले. मुलांचे काय? नेदरलँड्समध्ये ६४१ शाळकरी मुलांवर दीड वर्ष प्रयोग झाला. तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या मुलांना रोज २५० मिलिलिटर साखरेचे पेय आणि निम्म्यांना तसेच, पण बिनसाखरेचे पेय दिले. कोणाला काय मिळते हे मुलांना ठाऊक नव्हते. वाढत्या वयामुळे वजन दोन्हीकडे वाढलेच. पण साखरवाल्या मुलांचे सरासरी ७.३७ किलोंनी आणि दुसऱ्यांचे ६.३५ किलोंनी. फरक एका किलोचा, आणि तोही रोजच्या एकाच बाटलीचा. "एका बाटलीने काय होते?" असे म्हणणाऱ्यांना मी हा आकडा सांगतो. (यावर लगेच बिनसाखरेच्या बाटलीकडे धाव घेऊ नका. वजनासाठी कृत्रिम गोडीवर विसंबू नये, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये दिला आहे.)

आता त्या पाच किलोंच्या हट्टाकडे वळू. एक किलो मेदात सुमारे ७७०० उष्मांक साठलेले असतात. पंधरा दिवसांत पाच किलो मेद घालवायचा तर रोज अडीच हजारांहून अधिक उष्मांकांची तूट हवी. नववीतला मुलगा दिवसभरात साधारण तेवढेच खातो! मग उपास करणाऱ्याचा काटा पहिल्या आठवड्यात दोन किलो खाली येतो तो कसा? आपल्या यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन नावाची साठवणीची शर्करा असते आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. उपासात ती शर्करा खर्च होते आणि पाणी निघून जाते. उपास सुटला की दोन्ही परत येतात. काटा खोटे बोलत नाही, त्याचा अर्थ आपण चुकीचा लावतो.

खरा मेद सावकाश जातो. जातो कोठे, हे विचारले तर बहुतेक मुले "घामातून" असे उत्तर देतात. दहा किलो मेद जळला तर त्यातला ८.४ किलो भाग कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडतो, उरलेल्याचे पाणी होते. सोड्याच्या बाटलीत फसफसणारा वायू तो हाच. नाकावाटे इतके किलो बाहेर सोडायचे तर दिवस लागणारच.

रोजची एक बाटली सोडली तर वर्षात किती उतरेल? १०५ गुणिले ३६५, भागिले ७७००; उत्तर येते पाच किलो. हे गणित सोपे असले तरी चूक आहे. तसे असते तर दहा वर्षांत पन्नास किलो उतरून माणूस नाहीसाच झाला असता! शरीर हलके होते तसा त्याचा खर्चही घटतो. अमेरिकेतील केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रौढांसाठी जो ठोकताळा मांडला तो असा: रोजचे २४ उष्मांक कायमचे कमी केले, तर अखेर सुमारे एक किलो वजन उतरते, त्यातले निम्मे पहिल्या वर्षात आणि जवळजवळ सगळे तीन वर्षांत. म्हणजे एक बाटली सोडणाऱ्या प्रौढाचे पहिल्या वर्षी दोनेक किलो आणि पुढे एकूण चारेक किलो. हे ऐकून पुष्कळजण नाराज होतात. मला तर हा सौदा स्वस्त वाटतो.

"मी बाटली पितो आणि धावून जिरवतो," असे म्हणणारेही भेटतात. साठ किलोच्या माणसाला त्या १०५ उष्मांकांसाठी जवळजवळ तीन किलोमीटर चालावे लागते. बाटली संपते दोन मिनिटांत. व्यायामाचा खरा लाभ वेगळा आहे: चालते-धावते स्नायू रक्तातली शर्करा ओढून घेतात आणि वजन उतरताना स्नायूंची झीज होऊ देत नाहीत. तुमच्या वयाला रोज तासभर दमवणारा खेळ हवा. त्याला पैसे पडत नाहीत. कबड्डी, खो-खो किंवा शाळेपर्यंतची सायकल पुरे.

बारीक अंगाच्या मुलांनी मात्र हे वाचून हसू नये. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये स्वतःचा आणि आपले ब्रिटिश सहकारी युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. उंचीच्या मानाने वजन दोघांचे अगदी सारखे, पण शरीरातील मेद युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्यात २१.२ टक्के! आपण भारतीय बारीक दिसूनही आतून मेद बाळगतो. तेव्हा जाड्याला चिडवणारा सडपातळ मुलगा अज्ञानच प्रकट करीत असतो.

पारा ४४ अंशांवर जातो तेव्हा मग प्यायचे काय? माठातले पाणी, मीठ-जिऱ्याचे ताक, कमी साखरेचे लिंबाचे सरबत. रसवंतीवाल्यांची क्षमा मागून सांगतो, उसाचा रसही साखरेच्या बाबतीत बाटलीपेक्षा कमी नाही. तो कधीमधी प्यावा. आणि शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जादा साखरेचे, तेलकट, खारट पदार्थ विकू नयेत असा केंद्रीय नियम २०२० पासून आहे. फाटकाबाहेरचे अंतर मोजण्याचे काम भूमितीच्या तासाला करून पाहायला हरकत नाही.

त्या मुलाला मी उपास सोडायला लावला आणि आईसह डॉक्टरांकडे पाठवले. वजन उतरवायचेच नाही, आहे तेवढेच राखायचे आणि उंची वाढू द्यायची, असे डॉक्टरांनी सांगितले. वाढत्या मुलांत बहुधा हेच पुरते. तेव्हा त्याची उंची १५० सेंटिमीटर आणि वजन ६० किलो होते. वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग, हा भागाकार करा: २६.७ येतो. वर्षभर त्याने बाटली बंद ठेवली, भाकरी खाल्ली, संध्याकाळी मैदानावर आला. यंदाच्या जूनमध्ये उंची १५६ आणि वजन तेच ६० किलो. भागाकार २४.७. अजून मजल बाकी आहे, पण प्रार्थनेला तो ताठ उभा असतो.

मध्यंतरी त्याने माझाही हिशेब केला. "सर, तुम्ही दिवसाला पाच कप चहा घेता. कपाला दोन चमचे, म्हणजे दहा चमचे. माझी बाटली साडेसहाचीच होती." वर्गासमोर विचारले, त्यामुळे पळवाट नव्हती. तेव्हापासून मी कपाला एकच चमचा घेतो. पहिला महिना चहा औषधासारखा लागला. वर्षात दीड किलो उतरले आहे आणि दर पहिल्या तारखेला तो माझे वजन विचारतो.