शिक्षणाच्या नावाने, शेजाऱ्यांच्या माथी

5 ऑगस्ट 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या एका निकालाची आपल्या कार्यकर्त्यांत जेवढी चर्चा व्हावयास हवी होती, तेवढी झाली नाही. मुंबईच्या 'वनशक्ती' या संस्थेने दाखल केलेल्या याचिकेवरील हा निकाल आहे. मोठ्या बांधकामांना पर्यावरणविषयक पूर्वमंजुरी घ्यावी लागते. त्या अटीतून शाळा, महाविद्यालये, वसतिगृहे आणि औद्योगिक शेड यांना केंद्र सरकारने दिलेली सूट न्यायालयाने रद्द केली. सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने त्या वेळी जे म्हटले, त्याचा आशय असा की, शिक्षण हाही आता भरभराटीस आलेला उद्योग झाला आहे हे सर्वांस ठाऊक आहे. मग त्याच्या इमारतींना वेगळा न्याय कशासाठी? गेली चाळीस वर्षे आपण सभांतून जे सांगत आलो, ते देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाला मान्य करावे लागले. परंतु समाधान मानून स्वस्थ बसण्याची ही वेळ नाही.

या सुटीचा इतिहास उद्बोधक आहे. 2006 सालच्या अधिसूचनेनुसार 20,000 चौरस मीटर, म्हणजे सुमारे दोन लाख पंधरा हजार चौरस फूट किंवा त्याहून मोठे बांधकाम करणाऱ्यास आधी पर्यावरण मंजुरी घेणे आवश्यक ठरले. 22 डिसेंबर 2014 रोजी या नियमात दुरुस्ती झाली आणि शिक्षणसंस्थांच्या इमारती व कारखान्यांच्या शेड एकाच दमात मोकळ्या सुटल्या. शाळा आणि शेड यांना एकाच ओळीत बसविणाऱ्या सरकारला शिक्षणाविषयी कितपत आदर होता, ते ज्याचे त्याने ठरवावे. 2024 साली केरळ उच्च न्यायालयाने ही सूट रद्द केली. त्यावर सरकारने काय करावे? 29 जानेवारी 2025 रोजी नवी अधिसूचना काढून तीच सूट पुन्हा बहाल केली! सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारीत तिला स्थगिती दिली आणि ऑगस्टमध्ये सुटीचा तेवढा भाग काढून टाकला. अधिसूचनेचा उर्वरित भाग मात्र कायम ठेवला. एका न्यायालयाने नाकारलेली सवलत वर्षभराच्या आत पुन्हा देण्याची एवढी घाई सरकारला कोणासाठी झाली होती? खेड्यातील एकशिक्षकी शाळेसाठी खचित नव्हे. दोन लाख चौरस फुटांची शाळा कोणत्या जिल्हा परिषदेने बांधली आहे?

सुटीचे समर्थन करणारे म्हणतात, विद्यादानाच्या कार्यात परवानग्यांचे अडथळे नकोत. पण पाया खणताना उडणारी धूळ ही वातानुकूलित मॉलची आहे की अभियांत्रिकी महाविद्यालयाची, हे शेजारच्या दमेकरी म्हाताऱ्याच्या छातीला कसे कळावे? मातीने भरलेले डंपर ज्या गल्लीतून जातात, त्या गल्लीतल्या पोरांना ते विद्यादानासाठी चालले आहेत म्हणून कमी धोकादायक ठरत नाहीत.

काही वर्षांपूर्वी एका जिल्ह्याच्या ठिकाणी मी अशा एका वस्तीत बैठकीसाठी गेलो होतो. संस्थेचे नाव सांगण्याचे कारण नाही. तशा संस्था प्रत्येक जिल्ह्यात आहेत. वस्तीला लागून वसतिगृहाच्या आणि नव्या विभागांच्या इमारतींचे काम चालू होते. खाली काळा पाषाण. तो फोडण्यासाठी ब्रेकर सकाळी सुरू होई, तो रात्री जेवणे उरकेपर्यंत. पायाच्या खड्ड्यात झरे लागले, म्हणून पंप लावून पाणी अहोरात्र उपसून गटारात सोडलेले. परिणाम असा की, वस्तीची विहीर मार्गशीर्षातच तळाला गेली आणि गटार मात्र भर थंडीत दारात वाहू लागले. भिंतींना तडे गेले होते. बायका बोट ठेवून दाखवीत होत्या: हा दिवाळीच्या आधीचा, हा नंतरचा. संस्थेच्या प्रतिनिधीने आम्हांस शांतपणे सांगितले की, बांधकामाचे व्यवस्थापन शास्त्रशुद्ध पद्धतीने केले जात आहे. हिरवी जाळी लावली आहे, दोन वेळा पाणी मारले जाते, आणि तक्रारीसाठी फलकावर दूरध्वनी क्रमांक आहे. यावर एक आजी म्हणाल्या, "साहेब, फोन लावला तर तिकडनं पण ब्रेकरच ऐकू येतो."

'व्यवस्थापन' हा शब्द अलीकडे फार सोकावला आहे. व्यवस्थापन करावयाचे म्हणजे काय? इमारत कोठे, किती उंच, किती काळात उभी राहणार, पाणी कोठून आणणार, सांडपाणी कोठे सोडणार, हे सर्व आधीच ठरलेले. उरलेला जो त्रास, तो शेजाऱ्याने किती हप्त्यांत सोसावयाचा याचे वेळापत्रक म्हणजे व्यवस्थापन. जाळी लावू नये, पाणी मारू नये असे कोणी म्हणत नाही. ते तर किमान कर्तव्यच होय. परंतु ज्या प्रश्नाचे मूळ अधिकारात आहे, त्याला तांत्रिक काळजीचे रूप दिले की शेजारी हा नागरिक राहत नाही, तो केवळ तक्रारदार होतो.

ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम पाहा. रुग्णालये, न्यायालये आणि शिक्षणसंस्था यांच्याभोवतीचा शंभर मीटरचा टापू शांतता क्षेत्र म्हणून त्यांनी वेगळा काढला. दिवसा 50 आणि रात्री 40 डेसिबलची मर्यादा घातली. योग्यच झाले. विद्यार्थ्याला शांतता हवी म्हणून शेजाऱ्याने लग्नाचा बँड दूर न्यावा, ही अपेक्षा रास्त आहे. पण तीच संस्था तीन-तीन वर्षे खडक फोडते तेव्हा त्या शंभर मीटरांतल्या घरांना शांतता देण्याचे कर्तव्य कोणाचे? शांतता एका बाजूनेच पाळावयाची असते काय?

आणि संस्थेचा सर्वांत जवळचा शेजारी तर आपणही पुष्कळदा विसरतो. तो कुंपणाच्या आतच, पत्र्याच्या खोपटात राहतो. मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहार-झारखंडातून आलेले हे मजूर ज्ञानमंदिराच्या भिंती चढवितात आणि त्यांची मुले त्याच भिंतीच्या सावलीत वाळूवर खेळत शाळेवाचून वाढतात. 1996 साली बांधकाम मजुरांसाठी कायदा झाला, बांधकामखर्चावर एक टक्का उपकर बसला. तो उपकर भरला गेला की नाही, मजुरांची नोंदणी झाली की नाही, हे विचारण्यास वस्तीचा मोर्चाही पुष्कळदा विसरतो. उलट मजुरांनाच 'बाहेरचे' म्हणून शिव्या देतो. ठेकेदाराला याहून काय हवे? धूळ दोघांच्याही नाकात जाते. मग दोघांचे निवेदन एक का असू नये?

महाराष्ट्रात शिक्षणसंस्था आणि शेजारी यांचे नाते नेहमीच असे नव्हते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली, तेव्हा गावोगावच्या लोकांनी मूठमूठ धान्य दिले, मुलांनी स्वतः माती-दगड वाहिले. त्या बांधकामालाही धूळ असेलच. पण ती ज्यांच्या अंगावर उडत होती त्यांचीच मुले आत शिकणार होती. 1983 पासून विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दारे उघडली आणि शिक्षणाची इमारत ही गुंतवणूक झाली. कॅपिटेशन फी इतकी बोकाळली की 1987 साली तिच्यावर बंदी घालणारा कायदा करावा लागला. ज्या वस्तीच्या विहिरीचे पाणी पायात मुरले, त्या वस्तीतील किती मुले त्या संस्थेची फी भरू शकतात? बहुतेक ठिकाणी वस्तीचा आणि संस्थेचा संबंध एवढाच, की तेथील स्त्रिया वसतिगृहात भांडी घासावयास जातात.

हे म्हटले की लगेच 'तुम्ही शिक्षणाच्या विरोधी आहात' असा आरोप होतो. खुद्द आपल्यापैकीही काही जण संस्थांच्या कार्यकारिणीवर आहेत आणि बैठकीत ते हळूच हाच सूर लावतात. त्यांना कोलंबिया विद्यापीठाची आठवण द्यावीशी वाटते. न्यूयॉर्कच्या याच विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 ते 1916 या काळात शिकले. त्याच्याविषयी आपल्या मनात कृतज्ञताच आहे. पण याच विद्यापीठाने 1960 नंतरच्या दशकात शेजारच्या हार्लेममधील कृष्णवर्णीयांच्या वापरातील मॉर्निंगसाइड पार्क या सार्वजनिक उद्यानात व्यायामशाळा बांधावयास घेतली. वरचे दार विद्यापीठासाठी, खालचे दार हार्लेमच्या रहिवाशांसाठी, आणि त्यांच्या वाट्याला इमारतीचा लहानसा हिस्सा! वेगळ्या दाराचा अर्थ आपल्या वाचकांस समजावून सांगावयास नको. एप्रिल 1968 मध्ये विद्यापीठाच्याच विद्यार्थ्यांनी इमारती ताब्यात घेतल्या. पोलिसांनी सुमारे सातशे जणांना अटक केली. व्हिएतनाम युद्धाचा प्रश्नही त्या लढ्यात होता. ती व्यायामशाळा उद्यानात उभी राहिली नाही. हे विद्यार्थी शिक्षणाचे शत्रू होते काय?

अर्थात त्या गोष्टीचा पुढचा भागही सांगितला पाहिजे. 2003 साली त्याच विद्यापीठाने हार्लेमच्याच पश्चिम भागात सतरा एकरांची नवी योजना पुढे आणली. तेथे सुनावण्या झाल्या, स्थानिक समुदाय मंडळाने 2007 साली विरोधी मत नोंदविले, तरी त्याच वर्षी नगरपरिषदेने मंजुरी दिली; आणि जे विकावयास तयार नव्हते त्यांची जागा सक्तीने संपादण्यास राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली मान्यता दिली. म्हणजे नुसती सुनावणी पुरेशी नाही. पण रहिवाशांचे 'नाही' तेथे निदान कागदावर आहे.

आपल्याकडे तेही नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने महाविद्यालयांची सूट गेली, हे खरे. परंतु 2006 च्या त्याच अधिसूचनेत सर्वच इमारत-बांधकामांना जनसुनावणीतून वगळलेले आहे आणि ते कलम तसेच उभे आहे. खाणीसाठी सुनावणी, धरणासाठी सुनावणी. शहरातील दोन लाख फुटांच्या बांधकामासाठी मात्र सल्लागाराने भरलेला अर्ज आणि समितीची बैठक. शेजाऱ्याला मंजुरी कळते ती वृत्तपत्रातील जाहिरातीतून, तीही वाचनात आली तर. तेव्हा हे वगळणारे कलम काढून टाका ही मागणी आता ठळकपणे पुढे आली पाहिजे. शिक्षणसंस्थांच्या बाबतीत तर विशेषच. कारण सवलतीची जमीन, करमाफी आणि लोकहिताचे नाव या तिन्ही गोष्टी त्या समाजाकडून घेतात. शेजाऱ्याला उत्तर देण्याचे बंधन त्यांच्यावर इतरांहून अधिक असावयास हवे.

ही मागणी मान्य होईपर्यंत हातात काहीच नाही असे मात्र नव्हे. मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे अपील करता येते. मुदत तीस दिवसांची असल्याने जाहिरातींवर नजर ठेवणारा एक कार्यकर्ता प्रत्येक शाखेत हवा. मंजुरी मिळालेल्या प्रत्येक प्रकल्पाने अटी पाळल्याचा अहवाल दरवर्षी 1 जून आणि 1 डिसेंबर या दोन तारखांना सादर करावयाचा असतो, आणि हे अहवाल सार्वजनिक दस्तऐवज आहेत, असे अधिसूचनेतच लिहिले आहे. पाणी कोठून आणणार, धूळ कशी रोखणार, मजुरांना शौचालये किती, याची लेखी कबुली त्यांत सापडते. ते अहवाल मागा, मराठीत उतरवा, आणि वस्तीच्या चौकात, आजींच्या विहिरीपाशी, मोठ्याने वाचून दाखवा.